एकशे अठरा वॅट

माझी नोकरी खरं-खोटं तपासण्याची आहे. बेंगळुरूतल्या एका सरकारी संशोधन संस्थेत मी दाबमापकं तपासते. कारखान्यांतून, बॉयलरवरून, कुठून कुठून ती आमच्याकडे येतात, आणि त्यांचा काटा जे सांगतो ते खरं की नाही याचं प्रमाणपत्र आम्ही देतो. बावीस वर्षं हेच केल्यावर माणसाचा काट्यावर जरा जास्तच विश्वास बसतो. त्यामुळे सत्तेचाळिसाव्या वर्षी मला ट्रायथलॉनचं वेड लागलं तेव्हा धड पोहायला यायच्या आधी मी सायकलला पॉवर मीटर बसवून घेतलं.

ट्रायथलॉन म्हणजे आधी पोहायचं, मग सायकल चालवायची आणि शेवटी पळायचं, मधे विसावा नाही. मी धरली होती ती लांब पल्ल्याची. पोहणं दोन किलोमीटरला थोडं कमी, सायकल नव्वद किलोमीटर आणि त्याच पायांनी पुढे एकवीस किलोमीटर पळणं. आमच्या हेब्बाळच्या सोसायटीत हे ऐकून एका बाईंनी मला गंभीरपणे विचारलं होतं, "घरी सगळं ठीक आहे ना?"

पॉवर मीटर हे पेडलच्या दांड्यात बसवायचं लहानसं यंत्र. पायाचा जोर किती लागतोय ते वॅटमध्ये मोजतं आणि हँडलवरच्या छोट्या पडद्यावर दाखवतं. मला ते पाहताक्षणी आवडलं. वेगावर विसंबता येत नाही, कारण वारा पाठीमागून असला की आपण उगाच शूर होतो. छातीच्या ठोक्यांवरही विसंबता येत नाही, ते फिल्टर कॉफीनेही वाढतात आणि साहेबांच्या फोननेही. वॅट मात्र वॅट असतो.

लांबच्या सायकलीचं गणित सोपं आहे. तासभर जास्तीत जास्त किती जोर टिकवता येतो ते काढायचं आणि प्रत्यक्षात त्याच्या पाऊण पटीवर राहायचं. माझे तासाचे एकशे अठ्ठावन्न आले, म्हणजे शर्यतीचे एकशे अठरा. चढ आला तरी एकशे अठरा, उतार आला तरी एकशे अठरा. कुणी पुढे गेलं तर जाऊ द्यायचं. सायकलवर जो पाय उधळतो तो पळताना रस्त्याकडेला बसतो, हे सगळे अनुभवी लोक सांगत होते. मी मोठ्या अक्षरात कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवलं : 'सायकलवर पाय राखायचे. खरी शर्यत पळण्यात.' नवरा रोज सकाळी दूध काढताना ते वाचायचा आणि काही न बोलता दूध काढायचा.

दर रविवारी पहाटे मी हेब्बाळहून विमानतळाच्या दिशेनं सर्व्हिस रोडनं निघायची. एकशे पंचवीसच्या वर गेलं की पडद्यानं पीं पीं करावं अशी सोय मी करून ठेवली होती. एका चढावर केळीचे घड लादलेला एक काका साध्या सायकलवरून माझ्या पुढे गेला. माझ्या पायांना राहवेना, पण यंत्र पीं पीं करू लागलं आणि मी मुकाट्यानं मागे राहिले. त्यानं वळून पाहिलं आणि कन्नडमध्ये विचारलं, हवा कमी आहे का? मी म्हटलं, नाही, हवा बरोबर आहे. हवा खरंच बरोबर होती, मीच मोजली होती.

सहा महिने हे चाललं. मग शर्यतीला तीन आठवडे उरले असताना एका सकाळी केस बांधायला हात वर केला आणि तो वर गेलाच नाही. डॉक्टरांनी खांदा फिरवून पाहिला, मी ओरडले आणि ते समाधानानं म्हणाले, "फ्रोझन शोल्डर. या वयात बायकांना होतो." पोहणं बंद. पळणंही बंद, कारण प्रत्येक पावलाला हिसका बसणार. सायकल? त्यांनी थोडा विचार केला. हँडल उंच करून घ्या आणि दुखलं की थांबा.

मी दोन दिवस घरात कुणाशी नीट बोलले नाही. तिसऱ्या दिवशी संयोजकांचं पत्र बारकाईनं वाचताना कळलं की एकट्याच्या नावाची नोंदणी रिलेमध्ये बदलता येते. तिघांचा संघ, एकानं पोहायचं, एकानं सायकल, एकानं पळायचं. पोहायला घरातच मुलगी होती. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे, पण लहानपणापासून पाण्यात. पळायला मला एकच माणूस आठवला.

अण्णा आमच्याच प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होते, तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. मी नवी नवी मिरजेहून आले तेव्हा मला कन्नड त्यांनी शिकवलं. म्हणजे 'स्वल्प' (जरासं) आणि 'सरी' (बरं) एवढ्या दोन शब्दांवर बेंगळुरूत दहा वर्षं निघतात हे शिकवलं. त्यांचं घर मल्लेश्वरममधलं. कितीतरी पिढ्यांपूर्वी इकडे आलेलं मराठी कुटुंब, घरात बोलतात ती मराठी आमच्या मराठीहून जुनी आणि अर्धी कन्नड. वय त्रेसष्ट. रोज पहाटे मैदानावर दहा-बारा किलोमीटर पळतात, घड्याळ न लावता. आयुष्यात एकाही शर्यतीत उतरलेले नव्हते.

मी फोन केला. "अण्णा, एकवीस किलोमीटर पळाल का?"

"कुठनं कुठवर?"

"आनेकलच्या पुढे आहे. गोल फिरून परत तिथंच यायचं."

"परत तिथंच यायचं तर जायचं कशाला, मॅडम?" ते हसले. मग म्हणाले, "सरी. नंबर छातीला लावतात की पाठीला?"

"छातीला."

"मग येतो."

मुलीला सांगितलं तेव्हा ती एका अटीवर तयार झाली, की मी तिच्या पोहण्यात वॅट मोजणार नाही. जाता जाता तिनं विचारलं, "आई, मग आता प्लॅन बदलावा लागेल ना?"

"बदलला की. तिघांची नावं भरून फॉर्म पाठवलासुद्धा."

तिनं कानात इयरफोन घातले.

शर्यतीच्या सकाळी आम्ही चौघं उजाडायच्या आत आनेकलच्या पलीकडे पोचलो. रिलेवाल्यांना पिवळे नंबर होते, एकट्यानं तिन्ही करणाऱ्यांना पांढरे. अण्णांनी नंबराला चारही कोपऱ्यांना टाचण्या लावल्या आणि तो सरळ आहे की नाही हे माझ्या नवऱ्याला तीनदा विचारलं. मी सायकल उभी करून मीटरचं शून्य जुळवलं. थंडीत धातू आकसतो, शून्य सरकतं, म्हणून निघण्याआधी हे करावं लागतं. शेजारच्या तरुणानं ते केलं नाही हे पाहून मला त्याची कीव आली.

मुलगी तळ्यातून आमच्या गटात तिसरी बाहेर आली. धावत माझ्यापर्यंत आली, घोट्यावरचा वेळ मोजायचा पट्टा सोडून माझ्या घोट्याला बांधला, आणि ओरडली, "जा आई, जा!" मी शांतपणे सायकलवर बसले. शांतपणा हा योजनेचा भागच होता.

तीस किलोमीटरच्या तीन फेऱ्या होत्या. नाचणीची शेतं, निलगिरीच्या रांगा, मधेच कारखान्यांच्या शेड. पहिल्या पाळीच्या बसची वाट बघत बायका डबे घेऊन उभ्या होत्या आणि आमच्याकडे, आम्ही कशाला हे करतो असं बघत होत्या. मी एकशे अठरावर होते. पाच मिनिटांत एकजण पुढे गेला. मग दोघं. मग एक मुलगी, वेणी उडवत. मला अजिबात वाईट वाटलं नाही. उलट प्रत्येक जाणाऱ्याच्या पाठीकडे बघून मी मनात म्हणत होते, जा बाळा, तिसऱ्या फेरीत भेटू.

पुढे जाणाऱ्यांत पिवळे नंबर फार आहेत हे माझ्या लक्षात आलं होतं. मी त्याचा विचारही केला. हे रिलेवाले, यांचं काय जातंय, यांना कुठे पुढे पळायचंय! हे मी अगदी याच शब्दांत मनात म्हटलं, पिवळा नंबर लावून, एकशे अठरा वॅटवर.

दुसऱ्या फेरीत समोरून वारा आला तेव्हाही मी ढळले नाही. वेग पडला तर पडू दिला. दर अर्ध्या तासाला शेंगदाण्याच्या चिक्कीचा तुकडा, दर दहा मिनिटांनी दोन घोट पाणी. एकशे सतरा, एकशे अठरा, एकशे एकोणीस, पुन्हा अठरा. खांदा ठणकत होता, पण पाय इतके ताजे होते की मला स्वतःचा अभिमान वाटू लागला. अशी सरळ रेष मी प्रयोगशाळेतसुद्धा फार कमी वेळा पाहिली होती.

तिसऱ्या फेरीत, शहात्तराव्या किलोमीटरच्या आसपास, पाणी भरून घ्यायला मी एका मदत-टेबलापाशी थांबले. तिथे होंगेच्या, म्हणजे आपल्या करंजाच्या, झाडाखाली एक रायडर पाय पसरून बसला होता. पोटरीत गोळा आला होता. पांढरा नंबर. पहिल्याच फेरीत माझ्या पुढे सुसाट गेलेला. मला जे वाटलं त्याला सहानुभूती म्हणता येणार नाही.

तो माझ्याकडे बघून म्हणाला, "मॅडम, आप तो एकदम फ्रेश लग रही हैं."

"हां," मी बाटलीचं झाकण लावत म्हटलं, "रनिंग के लिए बचाके रखा है."

"रनिंग?" त्यानं माझ्या छातीकडे, नंबराकडे पाहिलं. "आप रिले में नहीं हैं क्या?"

मीही खाली पाहिलं. नंबर उलटा दिसत होता, पण पिवळा सरळच होता.

वाचणाऱ्याला हे केव्हाच कळलं असेल. मला ते कळायला तीन आठवडे आणि शहात्तर किलोमीटर लागले. कानाच्या पाळ्या गरम झाल्या. बावीस वर्षं मी लोकांना सांगत आले की यंत्र काय मोजतंय हे आधी विचारा, किती ते नंतर.

"तो फिर रनिंग कौन करेगा?" त्यानं विचारलं. त्याला खरंच काळजी वाटत असावी.

"अण्णा," मी म्हटलं आणि सायकलवर चढले.

उरलेले चौदा किलोमीटर मी जशी चालवली तशी सायकल शाळेत असतानाही चालवली नव्हती. एकशे चाळीस, एकशे पंचावन्न, चढावर एकशे नव्वद. यंत्र पीं पीं करू लागलं. ते बंद कसं करायचं हे चालत्या सायकलवर आठवेना, आणि थांबायचं तर मनातही नव्हतं. त्यामुळे चौदा किलोमीटर मी बोंबलत गेले. एक कुत्रा भुंकत मागे लागला आणि थोड्या वेळानं नाद सोडून थांबला. पुढे गेलेल्यांपैकी सहा-सात जणांना मी मागे टाकलं. वेणीवाली सापडली नाही. आणि एवढी लाज वाटत असताना मजाही येत होती, हे नाकारून चालणार नाही.

अण्णा ठरलेल्या जागी उभे होते. टी-शर्ट ट्रॅकपँटमध्ये खोचलेला, केस पाणी लावून बसवलेले. त्यांच्या आजूबाजूचे बरेच पळणारे केव्हाच निघून गेले होते. "आल्या, आल्या!" ते स्वतःशीच ओरडले. मला वाकून पट्टा सोडवेना, तर ते खाली बसले आणि त्यांनीच तो माझ्या घोट्यावरून काढून आपल्या घोट्याला बांधला.

"फार वारा होता हो, अण्णा," मी म्हटलं.

"परवाइल्ला, मॅडम. चालतंय. मी बघतो." आणि ते गेले.

नवरा जवळच उभा होता. त्यानं डोक्यावरच्या झेंड्यांच्या माळेकडे पाहिलं. एकही झेंडा हलत नव्हता. मग त्यानं मला ताक दिलं.

बाकीचे सायकलवाले गवतावर आडवे पडले होते, कुणी पाय चोळत होतं, कुणी डोळे मिटून होतं. मी उभी होते, आणि मला बसावंसंही वाटत नव्हतं. शेवटी मुलगी म्हणाली, "आई, तू बस तरी. लोक बघतायत."

अण्णा पळून आले तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं. शेवटच्या शंभर मीटरमध्ये त्यांनी नंबर नीट केला. आम्ही अकरा संघांत चौथे आलो. तिसऱ्या संघापेक्षा दोन मिनिटं चाळीस सेकंदांनी मागे. तिसऱ्यांना मंचावर बोलावून पदकं घातली, आणि अण्णांनी सगळ्यांत जास्त वेळ टाळ्या वाजवल्या. मग मला हळूच विचारलं, "हा नंबर परत द्यायचा असतो का?"

"नाही अण्णा, तुमचाच."

त्यांनी चारही टाचण्या काढल्या, नंबराची घडी केली आणि पिशवीत ठेवला. मी दुसरीकडे बघत राहिले.

संध्याकाळी घरी मी आलेख उघडला. शहात्तर किलोमीटर पट्टीनं आखल्यासारखी रेष, आणि मग एकदम भिंत. पहिल्यापासून एकशे पस्तीसनं गेले असते तर किती वाचलं असतं, हे मी तीनदा काढलं. तिन्ही वेळा दहा मिनिटांच्या वरच आलं. नवऱ्याला सगळं सांगितलं.

"मला हे पहिल्याच दिवशी वाटलं होतं," तो म्हणाला. "रिले झाल्यावर फ्रिजवरचा कागद कशाला ठेवलाय म्हणून."

"मग बोलला का नाहीस?"

"तुझं सगळं इतकं मोजूनमापून चाललेलं असतं. मला वाटलं, त्यात काहीतरी शास्त्र असणार."

"मी विचारलं होतं," मुलगी आतून म्हणाली. "तू म्हणालीस फॉर्म भरला."

मंगळवारी ऑफिस सुटल्यावर मी मल्लेश्वरमला गेले. आलेखाची रंगीत प्रत काढून नेली होती. चूक कबूल करायची तर पुराव्यासकट, अशी आमच्या खात्याची पद्धत. अण्णांच्या बायकोनं, म्हणजे अक्कांनी, कॉफी आणून दिली आणि त्या आत गेल्या. मी कागद अण्णांच्या हातात दिला आणि सगळं सांगून टाकलं. वारा फारसा नव्हता. मी पाय राखत होते, कुणासाठी ते विचारू नका. पदक माझ्यामुळे गेलं.

अण्णांनी चष्मा लावून बराच वेळ कागद पाहिला. "रेष मात्र सरळ आहे, मॅडम," ते म्हणाले. मग त्यांनी स्वयंपाकघराकडे नजर टाकली आणि आवाज खाली आणला. "मी पण थांबलो होतो."

"कुठे?"

"शेवटच्या वळणापाशी एक घर आहे, निळा दरवाजा. मी पळताना पावलं मोजतो की, मराठीत, जोरानं. तिथला माणूस दारात होता. त्यानं हाक मारली, 'अवो, तुमी मराठी काय?' आता कुणी असं विचारल्यावर पळत सुटायचं कसं? थांबलो. तुमचं गाव कुठलं, आमचं कुठलं, कुणाची कोण. त्याची आत्या आमच्या चुलत घरात दिलेली निघाली!"

"किती वेळ थांबलात?"

"घड्याळ कुठे होतं माझ्याकडे. चार मिनिटं धरा. पाच असतील." त्यांनी आणखी आवाज उतरवला. "ताक पण प्यालो."

"मला म्हणाले, चौथा आलो," आतून अक्कांचा आवाज आला. "ताक प्यालो ते नाही सांगितलं."

मी पेन काढलं. माझी दहा, त्यांची चार, फरक दोन चाळीस. म्हणजे दोघांपैकी कुणा एकानंही नीट केलं असतं तर पदक मिळत होतं, असं मी मांडू लागले. अण्णांनी कागद माझ्या हातून अलगद काढून घेतला.

"ते सोडा हो. त्याला एक मुलगी आहे. शाळेत शिकवते. आमच्या भावाचा मुलगा तुमच्या हेब्बाळमध्येच नोकरीला आहे, किती वर्षं बघतोय आम्ही त्याच्यासाठी. तुम्ही एकदा मुलाला बघून सांगा, कसा वाटतो."

मी सांगितलं. मुलगा बरा होता. पत्रिका जुळली, दोन्हीकडची माणसं एकमेकांकडे जाऊन आली, आणि पाच महिन्यांनी आनेकलच्या एका कल्याण मंटपात लग्न लागलं. आम्हाला तिघांना मानाचं आमंत्रण होतं. अण्णा भेटेल त्याला सांगत होते की हे लग्न ट्रायथलॉनमध्ये जमलं. ऐकणारे मान डोलवत होते. ट्रायथलॉन ही एखादी विवाहसंस्था असावी, असं त्यांना वाटत असणार.

नवरीचे वडील, तेच निळ्या दरवाजाचे, मला पाहून पुढे आले. जरा निरखून बघत म्हणाले, "तुमीच काय त्या पिवळ्या नंबरच्या? मी सकाळपासनं दारात होतो त्या दिवशी. तीन येळा गेलात. पयल्यांदा, दुसऱ्यांदा इतक्या स्वल्प स्वल्प चालल्या होतात, आमची आई म्हणाली, त्या बाईला बरं नाही, पाणी द्या कुणीतरी."

माझ्या नवऱ्यानं खोकल्यासारखं केलं.

"पण तिसऱ्यांदा काय झालं हो?" त्यांनी विचारलं. "शिट्टी वाजवत गेलात!"

अण्णा माझ्याकडे बघत होते, माझी मुलगी बघत होती, अक्काही थांबल्या होत्या.

"उशीर होत होता," मी म्हटलं.

ते त्यांना लगेच पटलं. त्यांनी मला पहिल्या पंगतीला बसवलं, आणि होळिगेवर, म्हणजे इकडच्या पुरणपोळीवर, तूप वाढताना वाढप्याला बजावलं, "बाईंना जास्त घाल. सायकल चालवतात."